लाल गुलाब आणि गोरी नायिका

आपल्या त्रैमासिकाकडे येणाऱ्या प्रेमकथांचे पुडके वाचून अभिप्राय देण्याचे काम काही वर्षांपासून आमच्याकडे आहे. धर्मगुरूकडे प्रेमकथा वाचायला का द्याव्यात, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. संपादक मंडळाला तो पडला नाही आणि आम्हीही विचारला नाही. लग्नाच्या तयारीसाठी येणारी तरुण जोडपी, आणि लग्नानंतर पाच-सात वर्षांनी निरनिराळ्या वेळी, एकेकटी आमच्या दाराशी येणारी तीच माणसे, यांच्याशी बोलण्यात आमची उमेदीची वर्षे गेली आहेत. तेव्हा प्रेमाविषयी जे छापले जाते त्याच्याशी आमचा काय संबंध, असे कोणी म्हणू नये.

या कथांतील गावे आपली असतात. घरामागे केळीची बाग असते, आळीच्या तोंडाशी क्रूस असतो, नायक पहाटेची गाडी धरून मुंबईला नोकरीला जातो, नायिकेची आई पानवेलीला पाणी सोडते. हे सारे लेखकाने पाहिलेले असते आणि म्हणून ते चांगले उतरते. परंतु कथेत प्रेमाचा प्रसंग आला, की हे गाव एकाएकी नाहीसे होते. पाऊस सुरू होतो. लाल ओढणी वाऱ्यावर उडते. नायकाच्या हातात लांब दांडीचा लाल गुलाब येतो. तो त्याला कोठे मिळाला हे कोणी सांगत नाही. आणि नायिका, जी दोन पानांपूर्वी आईबरोबर उन्हात उभी होती, ती ‘गोरीपान’ होते, ‘दुधासारखी’ होते, तिच्या गालांवर गुलाबी छटा पसरते. एका कथेतील हा प्रसंग उचलून दुसऱ्या कथेत ठेवला तर खुद्द लेखकालाही तो ओळखता येणार नाही.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. प्रेमकथा लिहाव्यात, भरपूर लिहाव्यात. पण ज्या खुणा आणि जे रंग घेऊन त्या लिहिल्या जात आहेत ते बहुतांशी उसने आहेत. आणि त्यांतील एक रंग तर नुसता उसना नाही, तो आपल्या मुलींच्या आयुष्याचे नुकसान करणारा आहे. त्या रंगाकडे आम्ही शेवटी येऊ. आधी लाल रंगाचा हिशेब करू.

कोणी म्हणेल, साहित्यात संकेत असायचेच. अगदी बरोबर. संस्कृत कवींचे कविसमय होते: कीर्ती पांढरी, अपकीर्ती काळी, अनुराग तांबडा. आजचा लेखक लाल रंग वापरतो तर त्यात बिघडले काय? बिघडले एवढेच, की त्या कवींना आपला संकेत ठाऊक होता आणि आमच्या लेखकांना तो ठाऊक नाही. ‘राग’ हा शब्दच घ्या. रंगविणे या अर्थाच्या ‘रञ्ज्’ धातूपासून तो झाला. संस्कृतात राग म्हणजे रंग, लाली आणि आसक्तीही. मराठीत येता येता मात्र त्याचा अर्थ क्रोध झाला, आणि प्रेमासाठी ‘अनुराग’ हा पुस्तकी शब्द उरला. म्हणजे ज्या भाषेत आपण लिहितो तिच्या रोजच्या बोलण्यात तांबड्या रंगाचा वारसा संतापाकडे गेला आहे. डोळे लाल होतात ते रागाने. भरतमुनींनीही नाट्यशास्त्रात रक्तवर्ण दिला तो रौद्ररसाला. शृंगाराचा वर्ण त्यांनी श्याम सांगितला. प्रेमाचा रंग श्याम! ही गोष्ट वाचकांनी जरा ध्यानात ठेवावी, तिच्याशी आमचे पुढे काम आहे.

आणि आपल्या प्रदेशाचा रिवाज पाहा. महाराष्ट्रात नवरीचा रंग कोणता? हळदीचा पिवळा आणि चुड्याचा हिरवा. आपल्या ख्रिस्ती घरांतही लग्नाआधी हिरव्या काचेच्या बांगड्या भरण्याची चाल अनेक ठिकाणी टिकून आहे. उलट, जुन्या काळी उच्चवर्णीय हिंदू घरांतील केशवपन केलेल्या विधवेच्या अंगावर जे आलवण असे, ते तांबडे असे. ज्या मातीत हिरवा रंग सौभाग्याचा आणि तांबडे आलवण वैधव्याचे होते, तेथील कथालेखकाला प्रेम म्हटले की लाल रंगाखेरीज दुसरे काही सुचत नसेल, तर त्याने आजूबाजूला पाहिलेलेच नाही असे म्हणणे भाग आहे. नवरीचा पांढरा झगाही शुभवर्तमानातून आलेला नाही. १८४० साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने आपल्या लग्नात पांढरा पोशाख केला आणि तेव्हापासून ती रीत जगभर फोफावली. विवाहसंस्काराच्या विधीत वधूच्या वस्त्राला कोणताही रंग सांगितलेला नाही. झगा घालू नका असे आम्ही म्हणत नाही; त्याला धर्माज्ञा समजून कर्ज काढू नका, एवढेच म्हणतो.

आपणा कॅथॉलिकांना तर रंगांची भाषा शिकविण्याची गरज नसावी. वर्षभर दर रविवारी ती आपल्या डोळ्यांसमोर वेदीवर असते. आगमनकाळात व उपवासकाळात जांभळा, नाताळ व पास्काकाळात पांढरा. बाराव्या शतकाच्या अखेरीस, पुढे जे तिसरे इनोसंट पोप झाले त्यांनी उपासनेच्या रंगांची संगती लिहून ठेवली. तिची बरीचशी चौकट आजही टिकून आहे. तीत लाल रंग कधी येतो? झावळ्यांच्या रविवारी, उत्तम शुक्रवारी, पवित्र आत्म्याच्या अवतरणाच्या सणाला आणि रक्तसाक्ष्यांच्या स्मरणदिनी. उत्तम शुक्रवारचे वस्त्र पूर्वी काळे असे. १९७० च्या मिस्सापुस्तकाने ते लाल केले. शोकाचा रंग काढून प्रेमाचा रंग घातला, असे आम्ही आमच्या लोकांना सांगतो; पण हे प्रेम खिळ्यांनी टोचलेले आहे. चर्चमध्ये लाल रंग किंमत मोजून येतो. ‘रक्तसाक्षी’ हा आपला शब्दच पाहा: रक्ताने दिलेली साक्ष.

आता फेब्रुवारी महिना घ्या. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे सव्वीस जणांना क्रूसांवर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया होता. १८६२ साली त्याला संतपद मिळाले. नागासाकीच्या या रक्तसाक्ष्यांचे स्मरण सार्वत्रिक पंचांगात ६ फेब्रुवारीला येते. त्या दिवशी वेदीवर लाल वस्त्र असते. त्यानंतर आठ दिवसांनी दुसरा लाल दिवस उजाडतो, तो बाजारातला. चौदा तारखेच्या संत व्हॅलेंटाइनविषयी खात्रीने सांगता येईल असे फार थोडे शिल्लक असल्याने १९६९ साली त्याचे नाव सार्वत्रिक पंचांगातून काढण्यात आले. रोमच्या हुतात्मानामावलीत मात्र ते अजून आहे. त्या दिवसाचा प्रेमिकांशी संबंध जोडला तो चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसरने, पक्ष्यांच्या जोड्या जमण्याच्या निमित्ताने. म्हणजे हा संतही रक्तसाक्षी, त्याचाही लाल रंग रक्ताचाच. तो धुऊन, वाळवून, भेटकार्डावर छापला गेला. आम्हांला या दिवसाचा द्वेष नाही. या दिवशी दुकाने फोडणाऱ्यांची आणि मुलामुलींना रस्त्यात हटकणाऱ्यांची बाजू आम्ही घेणार नाही. प्रश्न एवढाच, की गोन्सालोच्या गावच्या लेखकाला फेब्रुवारीत दोन लाल रंग दिसत असताना तो कथेसाठी नेमका फिकट रंग का उचलतो?

हृदयाचेही तसेच. आपल्या घरांतून बाहेरच्या खोलीत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते. १६७३ ते १६७५ या काळात फ्रान्समधील पारे-ल-मोनियाल येथे संत मार्गारेट मेरी अलाकोक हिला झालेल्या दर्शनांतून ती भक्ती पसरली. त्या हृदयाभोवती काटे आहेत, त्यावर जखम आहे, वर ज्वाळा आणि क्रूस आहे. पोप फ्रान्सिस यांनी निधनाच्या काही महिने आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, याच हृदयावर एक मोठे परिपत्रक लिहिले. त्याच घरात, त्याच तसबिरीखाली बसून मुले मोबाइलवर एकमेकांना दिवसाला पन्नास लाल हृदये पाठवितात. त्या हृदयांना काटा नाही, जखम नाही. ती अंगठ्याच्या एका दाबाने जातात आणि तितक्याच सहज दुसऱ्याला जातात. मुलांना आम्ही दोष देत नाही. ती हातात आहे ती खूण वापरतात. लेखकाने मात्र जखम नसलेले हृदय कथेत ठेवून वर ‘अमर प्रेम’ लिहू नये.

गुलाबी रंगाविषयी एकच वाक्य: चर्चने त्याला वर्षातून दोन रविवार दिले आहेत, आगमनकाळातला तिसरा आणि उपवासकाळातला चौथा, आमचे कथालेखक त्याला बावन्नच्या बावन्न देतात.

आता तो लाल गुलाब. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जो लांब दांडीचा गुलाब हातोहाती फिरतो, तो पुणे जिल्ह्यातील मावळात प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली वाढतो. डिसेंबरात छाटणी करून झाडाला तारखेवर फुलविले जाते, शीतपेटीत घालून देश-परदेशांत पाठविले जाते. ते शेतकरी कष्टाळू आहेत, त्यांचा धंदा बरकतीला यावा अशीच आमची इच्छा आहे. पण ज्या जाती फुलदाणीत जास्त दिवस टिकाव्यात म्हणून निवडल्या जातात त्यांना वास जवळजवळ नसतो. आणि आमच्या कथांमध्ये नायक तो गुलाब नाकाशी धरून ‘सुगंधाने धुंद’ होतो! हे लिहिणाऱ्याने त्या फुलाचा वास कधी घेतलेलाच नाही. त्याच्या स्वतःच्या वाडीत मात्र त्याची आई किंवा काकी पहाटे उठून मोगऱ्याच्या कळ्या खुडीत असते, कारण फुललेला मोगरा दादरच्या बाजारात विकत नाही. कळी मिटलेली असतानाच टोपलीत पडावी लागते. नखांना हिरवा रस लागतो. टोपली लोकलच्या डब्यात चढविताना ओळखीची बाई हात देते. संध्याकाळी त्या कळ्या मुंबईत कोणाच्या तरी केसांत फुलतात. खुडणारीच्या केसांत नव्हे. या एवढ्याशा गोष्टीत एक कथा नाही काय? जी फुले ती खुडते त्यांतील मूठभर तिचा नवरा एके दिवशी टोपलीतून बाजूला काढून ठेवतो, त्या दिवसाच्या हिशेबात तेवढे पैसे कमी येतात, आणि तो हिशेब सासू विचारते. या मोगऱ्याला किंमत आहे. असा मोगरा आमच्याकडे आलेल्या एकाही प्रेमकथेत आम्हांला भेटलेला नाही.

येथे फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. ते मूळचे इंग्लंडचे, गुलाबाच्या देशातले; त्यांच्या राजघराण्याची निशाणीच गुलाबाची होती. १५७९ साली ते गोव्याला आले, आणि १६१६ साली छापलेल्या आपल्या क्रिस्तपुराणात मराठी भाषेची थोरवी सांगताना त्यांनी फुलांमधून उपमा निवडली ती मोगरीची, आणि सुगंधांमधून कस्तुरीची. परक्या देशातून आलेल्या जेसुइटाला चारशे वर्षांपूर्वी जे दिसले ते येथेच जन्मलेल्या आमच्या लेखकांना दिसू नये!

उसन्या खुणा कधीच चालत नाहीत असे मात्र नव्हे. माधव जूलियनांनी फारसीतून गझल आणि तिच्याबरोबरचा सारा शृंगार मराठीत आणला. पण ते फारसीचे प्राध्यापक होते, त्यांनी फारसी-मराठी कोश रचला होता. झाड आणताना मुळांभोवतीची मातीही त्यांनी उचलून आणली होती. आमच्या लेखकांनी फूल तेवढे खुडून आणले आहे, आणि तेही सिनेमाच्या गाण्यातून. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत चंदन, चांदणे, फुलांची शेज हे सगळे ठरलेले साहित्य आहे. पण विरहिणीला ते सारे पोळते. ठरलेल्या खुणेला असे उलटे करण्यासाठी अनुभवाची आच लागते. पुढे कुसुमाग्रजांनीही एका कवितेत चंद्रतारे घेऊन केलेल्या प्रेमाला चांगलेच फटकारले आहे. आमच्या हस्तलिखितांत चंद्र अजून उगवतोच आहे, बहुधा पाऊस चालू असतानाच.

इथवर आम्ही जे लिहिले ते साहित्याच्या आवडीनिवडीचे भांडण म्हणून कोणी सोडून देईल. पुढचे तसे सोडून देता येणार नाही.

आमच्याकडे आलेल्या कथांत सावळी नायिका जवळजवळ नाही. सावळी मुलगी असते, पण ती नायिकेची मैत्रीण असते. तिचे काम निरोप पोहोचविण्याचे आणि शेवटच्या पानावर डोळे पुसण्याचे. क्वचित एखाद्या लेखकाने धीर केलाच, तर तो लिहितो, ‘रंगाने सावळी असली तरी नाकीडोळी नीटस’. हे ‘असली तरी’ आम्हांला चांगले परिचयाचे आहे. स्थळे सांगणाऱ्यांच्या तोंडून ते आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे: ‘मुलगी शिकलेली आहे, नोकरी आहे, स्वभाव गरीब, रंगाने जरा…’ आणि मग ते थांबतात. वधू पाहिजेच्या जाहिरातींत ‘उजळ’, ‘निमगोरी’ असे शब्द नेमून दिलेले आहेत. शिकलेल्या, घर चालविणाऱ्या, गायनमंडळात उत्तम गाणाऱ्या मुली केवळ या एका शब्दापायी नाकारल्या जाताना आम्ही पाहिल्या आहेत, आणि नाकारणारे कुटुंब दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारे असू शकते. गोरे करणाऱ्या एका फार खपाच्या मलमाच्या कंपनीने २०२० साली नावातून ‘फेअर’ हा शब्द काढला. जगाची टीका झाली तेव्हा बाजाराने आपली पाटी पुसली. आमच्या कथांनी अजून पुसलेली नाही.

लेखक म्हणतील, आम्ही काय समाज घडवितो? समाजात आहे तेच लिहितो. हे उत्तर खोटे आहे. तुम्ही समाजात आहे ते लिहीत नाही. असते लिहिले तर तुमच्या निम्म्याहून अधिक नायिका उन्हाने रापलेल्या असत्या, कारण तुमच्या आया आणि बहिणी तशा आहेत. तुम्ही त्यांना पाहता, त्यांच्या हातचे जेवता, आणि प्रेम लिहायला बसलात की त्यांना कथेबाहेर उभे करता. सोळा वर्षांची सावळी मुलगी तुमची कथा वाचते आणि तिला कळते, की प्रेम ही गोष्ट तिच्यासाठी लिहिलेली नाही. हे तिला कोणी रागावून सांगत नाही, गोड भाषेत सांगतात. म्हणून ते खोल जाते. पुढे कोणीही ‘तू मला आवडतेस’ म्हणाला की तिला तो उपकार वाटतो. उपकार वाटून केलेली लग्ने कशी चालतात, हे आम्हांला विचारा.

आणि ख्रिस्ती लेखकाला तर याबाबत काहीच सबब नाही. पवित्र शास्त्रातील प्रेमाचे पुस्तक म्हणजे गीतरत्न. त्यातील वधू पहिल्याच अध्यायात सांगते, की ती काळी आहे, उन्हाने तिला करपविले आहे, कारण भावांनी रागाने तिला द्राक्षमळे राखायला लावले. म्हणजे तिचा रंग तिच्या कष्टाचा आहे. यरुशलेमेच्या मुलींपुढे ती हे मान वर करून सांगते आणि त्याच दमात स्वतःला सुंदरही म्हणवते. आता गंमत पाहा. काळेपण आणि सौंदर्य यांना जोडणारे मूळ इब्री अव्यय ‘आणि’ असेही वाचता येते, ‘पण’ असेही. ग्रीक सप्तती भाषांतराने ‘आणि’ घेतले. संत जेरोमने लॅटिनमध्ये ‘पण’ घेतले, आणि पश्चिमेकडील चर्चने शतकानुशतके तोच ‘पण’ वाचला. एवढ्या थोर संताशी वाद घालण्याची आमची पात्रता नाही. तरी इतके म्हणतो, की स्थळे सांगणाऱ्यांचा ‘जरा…’ आणि कथालेखकांचा ‘असली तरी’ हे त्या ‘पण’चेच नातलग आहेत. आम्ही ‘आणि’च्या बाजूचे आहोत. काळी आणि सुंदर.

त्या गीतातील उपमाही पाहाव्यात. गिलादाच्या उतारावरून येणाऱ्या शेळ्यांचा कळप म्हणजे तिचे केस. डाळिंबाची फोड, किरमिजी धागा, एन-गेदीच्या मळ्यातील मेंदीच्या फुलांचा गुच्छ, कपारीतील पारवा. शेळ्यांचा कळप! आमच्या एखाद्या लेखकाने प्रेयसीच्या केसांना शेळ्यांची उपमा दिली तर त्याला लोक हसतील. पण ज्याने संध्याकाळच्या उन्हात डोंगरउतारावरून काळ्या शेळ्या उतरताना पाहिल्या आहेत त्याला ती उपमा कळते. त्या कवीने आपल्या डोंगरावर जे होते ते घेतले. त्यातही किरमिजी रंग आहे. पण तो ओठांपुरता, एका धाग्याएवढा.

आपल्या मराठी भक्तीचेही हेच सांगणे आहे. ज्याच्यासाठी संतांनी जीव टाकला तो सावळा. भरतमुनींचा शृंगार श्याम. हे सारे घरात असताना आम्ही गोरेपणाची हौस कोठून आणली याचा शोध इतिहासकारांनी घ्यावा. गोऱ्या पाद्र्यांकडून आणि गोऱ्या संतांच्या तसबिरींकडून आपल्या समाजाने थोडी अधिक घेतली असेल, हे आम्ही नाकारणार नाही.

आता दुसऱ्या बाजूचा समाचार घेतला पाहिजे. आमचे हे लिखाण वाचून काही ज्येष्ठ मंडळी मान डोलावतील आणि म्हणतील, ‘फादर, बरे झाले, या प्रेमकथा बंदच करा. कौटुंबिक नियतकालिकात हवेत कशाला?’ तशी पत्रेही आली आहेत. त्यांना आमचे उत्तर असे, की आपण आमच्या बाजूचे नाही. गीतरत्नात एक स्त्री रात्री शहरभर आपल्या प्रियकराला शोधते, पहारेकरी तिला मारहाण करतात, तिची ओढणी हिसकावून घेतात. हे पुस्तक चर्चने पवित्र शास्त्रात ठेवले आहे, माळ्यावर नाही. क्लेर्व्होचे संत बर्नार्ड यांनी आपल्या मठातील संन्याशांना त्यावर शहाऐंशी प्रवचने दिली. १९३५ नव्हे, ११३५ साली सुरुवात केली आणि ११५३ मध्ये मरण आले तेव्हा ते तिसऱ्या अध्यायाच्या तोंडाशीच होते. क्रूसभक्त संत योहान यांना १५७७ च्या डिसेंबरात त्यांच्याच संघातील बांधवांनी तोलेदोच्या मठात कोंडले. त्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी वधू-वराचे गीत रचण्यास आरंभ केला. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी आपल्या पहिल्याच परिपत्रकात, २००५ साली, स्त्री-पुरुषांच्या ओढीवर लिहिले, आणि ख्रिस्ती धर्माने त्या ओढीत विष कालविले या नीत्शेच्या आरोपाला बगल न देता उत्तर दिले. जे विषय पोपना आणि संतांना वर्ज्य वाटले नाहीत ते आमच्या त्रैमासिकाला वर्ज्य असण्याचे कारण नाही. प्रेमकथा बंद केल्या तर मुले प्रेमाविषयी वाचणे बंद करणार नाहीत. ती फक्त दुसरीकडे वाचतील, आणि तेथे नायिका याहून गोरी असेल.

तेव्हा लेखकांकडे आमचे मागणे बंदीचे नाही, अधिक कामाचे आहे. उपासनावर्षात हिरव्या रंगाचा काळ सर्वांत लांब असतो, तेहतीस किंवा चौतीस आठवडे. त्याला आपण सामान्यकाळ म्हणतो. तुमच्या कथा लग्नाच्या दिवशी संपतात, आणि आमच्याकडे येणाऱ्या जोडप्यांची गोष्ट तेथे सुरू झालेली असते. लाल ओसरला म्हणजे प्रेम संपले, असे त्यांना वाटते, कारण वाचलेल्या कोणत्याही कथेत त्यांना हिरवा रंग भेटलेला नसतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. त्यात एकही गुलाब नायकाच्या हातात नाही. भांडणे आहेत, रुसवे आहेत, धर्मांतरानंतरचा वर्षानुवर्षांचा दुरावा आहे, पैशाची कायमची ओढाताण आहे आणि पोट धरून हसायला लावणारे प्रसंग आहेत. मराठीत नवराबायकोच्या प्रेमाचे त्याहून मोठे पुस्तक कोणते, ते आम्हांला कोणी दाखवून द्यावे.

जाता जाता एक माहिती, जी आमच्या लोकांना बहुधा नसते. विवाहाच्या मिस्सासाठी नेमलेल्या वाचनांत गीतरत्नातील उताराही दिलेला आहे, दुसऱ्या आणि आठव्या अध्यायांतून निवडलेला. वधूवरांनी सांगितले तर तो वाचता येतो. आमच्या धर्मग्रामात जोडपी येतात आणि पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय मागून जातात, कारण शेजारच्या लग्नात तोच वाचला गेला होता. यंदा नाताळानंतरच्या लग्नांची नावे ऑक्टोबरपासून लिहून घेऊ. नाव द्यायला येताना दोघांनी गीतरत्नाचे आठही अध्याय वाचून यावे. छापील दहाबारा पानांहून ते अधिक नाहीत.